कायमची तीट

शाळेच्या प्रवेशअर्जावर 'ओळखीची खूण' असा एक रकाना असतो. त्यात मी मुलीच्या बालवाडीपासून एकच ओळ लिहीत आले: हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. पहिलीच्या अर्जावर लिहिली, दहावीच्या बोर्डाच्या अर्जावर लिहिली, पासपोर्टच्या वेळी पुन्हा लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे खोटंसुद्धा सुबक दिसायचं. माझ्या मुलीच्या हनुवटीवर तीळ नव्हताच. ते गोंदण होतं, आणि ते मी तिच्या नवव्या महिन्यात करवलं होतं. हे तिला माहीत नव्हतं.

माझा व्यवसाय शब्दांचा आहे. वकिलांच्या कचेऱ्यांसाठी मी इंग्रजी कागद मराठीत आणते. करार, नोटिसा, नियमावल्या, असलं सगळं रूक्ष काम. 'आणि'च्या जागी 'किंवा' पडलं तर एखाद्याचं घर जाऊ शकतं, असं मी हाताखालच्या मुलींना दरडावून सांगते. त्यांच्या कागदांवर मी जी लाल शाई सांडते, तिच्याबद्दल माझ्या पाठीमागे काय बोललं जातं तेही माझ्या कानावर आहे. अशा बाईनं सतरा वर्षं एका ठिपक्याला चुकीचा शब्द वापरला, आणि चूक म्हणून नव्हे, ठरवून वापरला.

हे सगळं अंगाशी आलं ते मुलीच्या मेडिकलच्या वेळी. लहानपणी रविवारी आम्ही तिला खडकवासल्याला कणीस खायला न्यायचो. येताना लष्करी अकादमीकडे वळणाऱ्या रस्त्यापाशी ती स्कूटर थांबवायला लावायची आणि गणवेशातली मुलं दिसतात का ते बघत बसायची. आम्ही हसायचो, कारण तेव्हा तिथं मुलींना प्रवेशच नव्हता. मग तो मिळाला, आणि आमचं हसू गेलं. बारावीच्या वर्षात ती पहाटे पाचला उठून पळायला जाऊ लागली. लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीचे ते पाच दिवसही पार पडले. आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती.

तपासणीला न्यायचे कागद तिनं छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. त्यात एक घोषणापत्र होतं. अंगावर टॅटू असेल तर कुठे, केवढा, कशाचा, ते लिहायचं, आणि खोटं निघालं तर निवड रद्द होईल हे मान्य करून सही करायची. नियम ती मोठ्यानं वाचत होती. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला चालेल, पंजाच्या मागच्या बाजूला चालेल, बाकी अंगावर कुठेही चालणार नाही. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट.

"माझ्या वर्गातली एक जण ह्यातच गेली ना," ती म्हणाली. "मानेवर फुलपाखरू. फालतूपणा. मला काहीच नाही, सुटले."

पेन हातातच होतं, पण सही तपासणीच्या दिवशी तिथल्या लोकांसमोर करायची होती. म्हणून तिनं पेन्सिलीनं 'नाही'वर छोटीशी खूण केली आणि कागद फाइलमध्ये ठेवला. तपासणीला दहा दिवस होते. मी समोर बसून भाजी निवडत होते, आणि किती वेळ एकच गवार मोडत राहिले ते मला सांगता यायचं नाही.

गोंदणाची हकीकत अशी. माझं माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचं, शेतकऱ्यांचं. आता तिकडे उसाच्या जागी इमारती उठल्यात आणि माझे भाऊ सातव्या मजल्यावर राहतात, पण तेव्हा घरामागे ऊस होता. मुलीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. तो तीन दिवस जगला. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, ते मला समजलंही होतं, पण पुढच्या बाळंतपणात ते कारण माझ्या काही उपयोगाला आलं नाही. मुलगी झाली, गोरी, गुटगुटीत, आणि जो येईल तो म्हणे काय गोड आहे हो. प्रत्येक 'गोड'ला मी तिचं तोंड पदराआड करायचे. मी दिवसातून चारदा तिला काजळाची तीट लावायचे आणि ती घामानं, दुधानं चारदा पुसली जायची.

माहेरी जत्रेला गेले होते. जत्रेत गोंदणारी बाई आली होती. माझ्या आईच्या स्वतःच्या हनुवटीवर गोंदण आहे, कपाळावर आहे, दोन्ही हातांवर आहे. ती सहज म्हणाली, "रोज रोज कशापायी पुसत बसतीस? कायमची तीट लावून टाक. कुणाची नदर लागायची न्हाई."

मी पदवीधर होते. पुण्यात, पेठेतल्या घरात दिली होती मला, जिथे ताप आला तरी थर्मामीटरचा आकडा लिहून ठेवतात. मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं. बाईकडे एकत्र बांधलेल्या सुया होत्या आणि वाटीत काजळी कालवलेलं काळं पाणी होतं. मुलीला मी मांडीवर घेतलं, आईनं पाय धरले, मी डोकं धरलं. मिनिटाभराचं काम. त्यापलीकडे मला काही आठवत नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

सासरी परत आले तेव्हा खपली पडून गेली होती आणि हिरवट काळा ठिपका राहिला होता. सासूबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी बाळ घेतलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "हे काय?"

"तीळ आलाय," मी म्हटलं.

"पंधरा दिवसांत?" त्या म्हणाल्या. "बरीच सुपीक जमीन दिसते मांजरीची."

पण पुढे काही बोलल्या नाहीत. नवऱ्यानं तीळ म्हटल्यावर तीळ मानला. तो आजही जिऱ्याच्या डब्यात ओवा असेल तर तो जिरं म्हणून खाणारा माणूस आहे. हळूहळू त्या ठिपक्याचं घरात लाडकं नाव पडलं, फोटोत तो दिसावा म्हणून मुलगी मान वळवू लागली, आणि मी रकाने भरत गेले. खरं सांगायचं तर मधली काही वर्षं मलाही तो तीळच वाटायचा.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्याकडे एक मसुदा भाषांतराला आला. अल्पवयीन मुलांच्या शरीरावर कायमची खूण करायला बंदी असावी म्हणून काही नागरिकांनी कायद्याचा एक मसुदा इंग्रजीत तयार केला होता. तो मराठीत करून आमदारांकडे द्यायचा होता. टॅटू, नाक-कान सोडून इतर ठिकाणी टोचणं, जिभेला चीर देणं, सगळं त्यात होतं. अठरा वर्षांखालील व्यक्तीनं टॅटू काढून घेतल्यास दुकानदार दोषी, पालकांनाही समज. आणि सातव्या कलमात सूट होती: रूढी-परंपरेनुसार पालकांनी करवलेल्या खुणांना हा कायदा लागू नाही.

ते सातवं कलम मी फार मन लावून भाषांतरित केलं. 'रूढी', 'परंपरा', 'पालकांचा सद्हेतू', असे भारदस्त शब्द शोधून शोधून बसवले. आता कळतं की मी स्वतःची वकिली करत होते.

मसुद्यावर चर्चेसाठी शनिवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात बैठक होती. तिसेक माणसं असतील. मराठी मसुदा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या रांगेत एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी घरून चार पानी हरकती टाइप करून आणल्या होत्या आणि त्या सगळ्यांना वाटल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुलांना कळत नाही, सबब सरसकट बंदी. मागच्या रांगेत एक तरुण मुलगी होती, दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेले. कॅम्पात तिचं टॅटूचं दुकान होतं. गृहस्थ तिच्याकडे न बघता बोलत होते आणि ती ते अगदी शांतपणे ऐकत होती.

मी तिसरं कलम वाचलं. "अठरा वर्षांखालील व्यक्तीने अंगावर गोंदवून घेतल्यास..."

"एक मिनिट," गृहस्थ म्हणाले. "अहो, भाषांतर आपण केलंय ना? 'गोंदवून घेतल्यास' म्हणजे पोरानं स्वतःहून घेतलं, असा अर्थ होतो. तान्हं मूल गोंदवून घेतं का? त्याला कुणीतरी गोंदवतं. क्रियापद बघा की जरा."

मी क्रियापद बघितलं. बरोबर होतं त्यांचं. इतक्या वर्षांत माझ्या कागदात अशी चूक कुणी काढली नव्हती, आणि काढली तर काय काढली. मी पेन्सिलीनं तिथं रेघ मारली. रेघ वाकडी गेली.

मग ती टॅटूवाली मुलगी उठली. "मी आधीच सांगते, मी अठराच्या खालच्यांचं काम करत नाही. आधार कार्ड बघते. पण मला सातवं कलम कळलं नाही. सतरा वर्षांची मुलगी माझ्याकडे येऊन हातावर आजीचं नाव काढून मागते, तिनं सहा महिने विचार केलेला असतो, तर तो गुन्हा. आणि आईबापांनी बाळाच्या तोंडावर सुया टोचल्या तर ती परंपरा. म्हणजे जिला हवंय तिला बंदी, आणि जिला विचारलंच नाही तिच्यासाठी सूट. मग पर्सनल चॉईस म्हणता तो नेमका कुणाचा?"

सभागृहात कुजबूज झाली. कुणी म्हणालं, अहो मग कान टोचणंही बंद करा. कुणी म्हणालं, आईवडील काय शत्रू असतात का. गृहस्थ म्हणाले, "पहिल्यांदाच ह्या बाईंशी मी सहमत आहे, नोंद घ्या." सगळे हसले. मग अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, सातव्या कलमाबद्दल आपलं काय मत?"

"मी फक्त भाषांतर करते," मी म्हटलं, आणि पाणी प्यायले.

बाहेर पडून मी रस्त्यावरूनच आईला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. तिला फौजेचे नियम काही ठाऊक नाहीत, पण नात साहेब होणार एवढं ठाऊक आहे.

"सांगू नगंस," ती म्हणाली. "डाक्टरला काय कळतंय तीळ हाय का तीट हाय? बारीक ठिपका. सतरा वर्सं कुणाला दिसला न्हाई, आत्ताच दिसतोय व्हय?"

"तिनं सही करायची आहे आई. खोटं ठरलं तर सगळंच जाईल."

"खोटं कसं? तिला म्हाईतच न्हाई. ज्याला म्हाईत न्हाई त्यो खोटं बोलत न्हाई."

आईचा हा मुद्दा वकिलाच्या तोंडात शोभला असता, आणि मला तो पटावा असं फार वाटत होतं. मी घरापर्यंत तोच घोळवत आले. कोण बघतंय? बघितलं तर तीळच म्हणतील. आणि सांगितलं तर काय होईल ते नियमात छापलेलंच होतं. हनुवटी म्हणजे कोपर ते मनगट नव्हे. माझ्या एका शब्दानं तिची वर्षभराची पहाट मातीत जाणार होती. गप्प बसले तर तिच्या हातून माझं खोटं सही होऊन जाणार होतं, तेही अशा नोकरीच्या पहिल्याच कागदावर जिथं शब्दाला किंमत असते. मला स्वतःचा इतका राग आला होता की रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

घरी सासूबाई खिडकीपाशी पेपर वाचत होत्या. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तिला सांगितलंत का?"

"काय?"

"तीळ वाढतो. पसरतो. त्याला एखादा केस येतो. तुमचा तीळ सतरा वर्षं फार शिस्तीत वागलाय."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "तुमचा पहिला गेला तेव्हा मी तुम्हाला पाहिलं होतं. त्यानंतर तुम्ही त्या पोरीच्या कपाळावर तवा जरी ठेवला असतात तरी मी बोलले असते की नाही, शंका आहे. चूक होती माझी. आता आणखी एक करू नका."

त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी मी मला जे येतं ते केलं, म्हणजे व्यवस्था. त्वचारोगतज्ज्ञांचे नंबर मिळवले, फोन केले. एक डॉक्टर म्हणाले, एवढा बारीक ठिपका असेल तर कापून काढता येईल, दोन टाके, पंधरा मिनिटं. मी सोमवारची वेळ ठरवून टाकली. मला वाटलं, आता माझ्याकडे वाईट बातमीबरोबर तिचा उपायही आहे, आता सांगायला हरकत नाही.

रविवारी दुपारी ती गॅलरीत बसून तपासणीला घालायच्या बुटांना पॉलिश करत होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं. तिचा तीन दिवसांचा भाऊ, जत्रा, आजी, सुया, सगळं. भावाबद्दल तिला माहीत होतं, बाकीचं नाही. तिनं हात हनुवटीकडे नेला, आणि बोटाला पॉलिश आहे हे लक्षात येऊन तसाच अधांतरी धरला.

"म्हणजे हा टॅटू आहे."

"गोंदण आहे. म्हणजे तीट म्हणून..."

"आई, शब्द नको ना बदलूस."

तिनं बूट खाली ठेवला. मग म्हणाली, "मी माझ्या मैत्रिणीला हसले होते. फुलपाखरावरून. तू ऐकत होतीस."

"हो."

"तिनं निदान स्वतः काढून घेतलं होतं."

मला रडू यायला लागलं होतं आणि ते तिच्यासमोर नको होतं. म्हणून मी घाईनं म्हटलं, "हे बघ, काही बिघडलेलं नाही. उद्या अकरा वाजता डॉक्टरांची वेळ घेतली आहे मी. पंधरा मिनिटांचं काम आहे. ठिपकाच राहिला नाही तर अर्जात लिहायचा प्रश्नच येत नाही."

तिनं मान वर केली. "तू वेळ घेतलीस?"

"हो."

"मला न विचारता."

मी काही बोलणार त्याआधी ती म्हणाली, "परत."

एवढा एकच शब्द. ती ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, आमच्यात ते नवीन नाही. ती ओरडली नाही. आत गेली, हात धुतले, फाइलमधून घोषणापत्र काढलं आणि 'नाही'वरची पेन्सिलीची खूण खोडली. मग 'आहे'वर पेनानं बरोबरची खूण केली. खाली इंग्रजीत लिहिलं: हनुवटी, एक ठिपका, लहानपणी. सोमवारी ती डॉक्टरांकडे गेली नाही. तो आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि ते 'कामापुरतं' काय असतं ते आमच्या घरच्या पद्धतीनं बोललेलं ऐकायला हवं. "मीठ." "चावी." "नको."

तपासणी दुसऱ्या गावी होती. ती एकटी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"अनफिट," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "पण कायमची नाही. मुदतीत अपील करता येतं, परत तपासतात."

"ठिपक्यामुळे?"

"बाकी सगळं ओके आहे." मग म्हणाली, "डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लिहिलं नसतंस तर मी तीळच समजले असते."

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले. आईचं बरोबर होतं. गप्प बसले असते तर पोर पास झाली असती. हे वाक्य मी पुढचे कित्येक दिवस कपडे वाळत घालताना, कुकर लावताना चघळत होते. सासूबाईंना ते माझ्या तोंडावर दिसत असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "ती जेवली का विचारलंत?" मी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर तिनं स्वतःच ठरवलं की काढून टाकायचं. मला सांगितलं, विचारलं नाही. विश्रांतवाडीच्या एका डॉक्टरीणबाई तिनं शोधल्या, त्यांच्याशी आधी जाऊन तासभर बोलून आली. ठिपका तसाच ठेवायचा आणि दुसरी काहीतरी नोकरी करायची, असंही दोन दिवस तिच्या मनात घोळत होतं, हे मला नंतर कळलं. मी त्यात एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड भाषांतर होतं, इतकंच म्हणते.

अपिलाच्या कागदांसोबत पालकांचं एक प्रतिज्ञापत्र जोडावं असं तिला कुणीतरी सुचवलं. आधी मराठीत लिहायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं. ते काम तिनं माझ्याकडे दिलं. मी संगणकावर बसले आणि सवयीनं टाइप केलं: 'माझ्या मुलीच्या हनुवटीवरील गोंदण हे लहानपणी रूढीनुसार गोंदवून घेतलेले आहे.'

ती माझ्या खांद्यामागून वाचत होती. "कुणी घेतलं?" तिनं विचारलं. "मी?"

सभागृहातली ती वाकडी रेघ मला आठवली. मी वाक्य खोडलं. नवीन वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, आणि ते फार छोटं झालं: 'माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना मी तिच्या हनुवटीवर गोंदवले. तिला विचारले नव्हते. सर्व अर्जांत तीळ असे मी लिहिले आहे, तिने नव्हे.' तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हं. प्रिंट काढ."

त्याच दिवशी मी मसुद्याचं तिसरं कलम दुरुस्त करून पाठवलं, आणि सातव्या कलमावर माझी हरकत वेगळ्या कागदावर लिहून, खाली सही करून जोडली. भाषांतरकारानं हरकत घेण्याची पद्धत नाही, असं मला कळवण्यात आलं. मी उत्तर पाठवलं की हरकत भाषांतरकाराची नाही. पुढे त्या मसुद्याचं काय झालं ते मला माहीत नाही. अजून कुणाच्या तरी टेबलावर असेल.

अपिलाचा निकाल इथंच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. ती पात्र ठरली. आता तिच्या कागदांवर ओळखीच्या खुणेत टाक्याचा व्रण लिहिलेला आहे, आणि तो तिच्या स्वतःच्या अक्षरात आहे. पेढे वाटले, मांजरीहून आई रिक्षा करून आली, सासूबाईंनी साखरेचं प्रमाण विचारून दोन खाल्ले. सगळं झालं. पण मला ते पेढे आठवत नाहीत, विश्रांतवाडीची ती सकाळ आठवते.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता, खालून आळंदी रस्त्याची वर्दळ ऐकू येत होती. टेबलामागच्या बाईनं संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. "आईंची सही इथं."

"मी अठराची आहे," मुलगी म्हणाली. "सही मी करते." तिनं सही केली, तारीख घातली, पेन परत दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बाहेर बस."

मी बाहेर बसले. दार लागलं. समोरच्या भिंतीवर त्वचेची काळजी कशी घ्यावी त्याचा तक्ता होता, तो मी वरपासून खालपर्यंत वाचला, त्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, आणि सगळा वेळ कान दाराकडे होते. आतून एकदा तरी आवाज येईल म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आवाज आला नाही.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. हनुवटीवर पांढरी पट्टी होती. औषधाची चिठ्ठी तिनं माझ्या हातात दिली आणि आम्ही जिना उतरायला लागलो.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"नाही. आधी इंजेक्शन देऊन बधिर केलं. मग काही कळलंच नाही."

चार पायऱ्या उतरून ती थांबली. "तेव्हा बधिर केलं होतं?"

"नाही."

"मग मी काय केलं? रडले?"

आठवत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सतरा वर्षं तेच म्हणत आले होते.

"आधी नाही रडलीस," मी म्हटलं. "आधी तू माझ्याकडे बघून हसत होतीस. मी डोकं धरलं होतं ना, तुला वाटलं मी खेळतेय."